गाडी मिसिंग मारतेय

वरवंडला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. जुन्या ट्रकांची कामं माझ्याकडे येतात. नव्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो आणि त्याचं नि माझं जमत नाही. जुन्या गाडीला नुसता कान लावावा लागतो. खरं सांगायचं तर तो कानही माझा नव्हे, बायकोचा. माझा डावा कान इंजिनांजवळ उभं राहून राहून कधीच कामातून गेलाय.

ती बाकावर मेथी निवडत बसायची आणि मी नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचो. चालू इंजिनाचा असा नट सैल केला की त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं आणि आवाज पडतो. ज्याचा नट सोडूनही आवाज पडत नाही, तो सिलेंडर आधीपासूनच मेलेला. झिजलेल्या इंजिनात हा फरक केसभर असतो. ती मान वर न करता म्हणायची, "ह्यो चांगलाय. फुडं." मग एकदम, "हां, ह्योच त्यो." मी मात्र कपाळाला आठ्या घालून, जणू मलाच सापडलं, असा चेहरा गिऱ्हाइकाला दाखवायचो. लाज वाटायची नाही, उलट मजा यायची.

मुलीच्या बाळंतपणासाठी ती नाशिकला गेली ती महिन्याच्या बोलीवर. मग मुलीची रजा संपली, पाळणाघर काही पटेना. नातू आता चालायला लागला आणि ही अजून तिकडेच. रोज फोन होतो. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. 'परत ये' म्हणायला जीभ रेटत नाही. लेकीच्या नोकरीवर पाय देणारा बाप कुणाला व्हायचंय? पण खोटं कशाला बोलू, तिच्यावाचून माझा दिवस सरत नाही.

गेल्या आठवड्यात शिरूरकडचे एक आबा आपला म्हातारा ट्रक घेऊन आले. त्यांचं घर पूर्वी मेंढरांमागं फिरायचं, आता कांदा करतं. ट्रक सकाळी सुरूच व्हायचा नाही, म्हणून आबांनी घरापुढे मुरूम टाकून चक्क उतार करून घेतला होता. गाडी सोडायची आणि गियर टाकायचा.

"आबा, उतार करन्यापरीस गाडी दाखवायची हुती की."

"मंग आता काय करतुया?" आबा म्हणाले.

डिझेलच्या नळीला बारीक चीर गेली होती. गाडी उभी राहिली की लाइन हवा धरायची. नळी बदलली, हवा काढली, आणि सेल्फ मारल्याबरोबर ट्रक सुरू झाला. पण इंजिन लंगडत होतं. सहातला एक सिलेंडर काम करत नव्हता. मी सहाच्या सहा नट सोडून बघितले. मला सगळे सारखेच. सवयीनं बाकाकडे बघितलं, तर तिथं आबांची पिशवी होती.

मी नाशिकला फोन लावला. म्हटलं, "अगं, एक गाडी मिसिंग मारतीय. मी नट सोडतो, तू नुसतं ऐक." फोन इंजिनापाशी धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या नटाशी आलो आणि काय झालं कुणास ठाऊक. इंजिन इतकं भडभडत होतं, की शेजारी उभ्या आबांनाही माझा शब्द ऐकू गेला नसता. पान्यावर हात ठेवून मी स्वतःशीच बोलल्यासारखा बोललो, "करमत न्हाई गं. एकट्याला घास उतरत न्हाई."

सहावा नट आवळून फोन उजव्या कानाला लावला. "कुठला?"

"अवो, इंजनाचा आवाज आलाच न्हाई," ती म्हणाली. "लेकीनं दिल्याला तुमचा फोन मागचा गलबला कापून टाकतो म्हनं. बोलनं तेवढं येतं."

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सायलेन्सरला जानाऱ्या नळ्यांवर पानी शिंपडून बघा की," ती म्हणाली. "जिथं चर्र व्हनार न्हाई, त्यो मेल्याला. तुमीच शिकवलंय मला. इसरला व्हय?"

पाण्याची बादली माझ्या पायाशीच होती.

"न्हाई इसरलो," मी म्हटलं.



"मलाबी करमत न्हाई," ती म्हणाली. "पन ह्या लेकराला कुनापाशी ठिवू, तेवढं सांगा."