वाकळीत शिवलेलं लुगडं

माझं पोलकं संग्रहालयात आहे, हे मी सहा महिने गल्लीभर सांगत होते. भाजीवालीला सांगितलं, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायांना सांगितलं, एका पावण्याला तर रस्ता विचारल्यावर सांगितलं. लाल रेशमाचं, बिनबाह्यांचं, पाठीला हा एवढा गळा. माझी नात तिथं जुन्या कपड्यांच्या विभागात नोंदी ठेवते. तिनं एकदा विचारलं, "आज्जी, तुझ्या तरुणपणीच्या फॅशनचं काय ठेवलंयस का गं?" विचारायचा अवकाश, मी ट्रंकेच्या तळातनं पोलकं काढून तिच्या हातात दिलं. सत्तरीनंतर माणसाला अक्कल येते असं म्हणतात. माझ्याकडं येताना ती वाट चुकली असणार.

त्या पोलक्याचं कापड कुठनं आलं, हे मात्र मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. "उद्या ये. कापडं ओळखून द्यायची आहेत. धाकट्या आज्जीलाही बोलावलंय." धाकटी आज्जी म्हणजे माझी धाकटी जाऊ. कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या एका खेड्यातली, म्हणून मला अजून 'अक्का' म्हणते. घराची वाटणी झाल्यावर ती आणि धाकटे दीर कळंब्याला राहायला गेले, पण आमचं जाणं-येणं तुटलं नाही. मी पावडर लावून गेले. आत शिरले तर समोर पांढऱ्या बिनमुंडक्याच्या बाहुलीवर माझं लाल पोलकं, आणि शेजारच्या लांब टेबलावर एक वाकळ, जुन्या कापडांची गोधडी.

वाकळ बघितली आणि मी पोलक्याकडं बघायचंच विसरले.

"माझ्या माळ्यावर पडलेली," धाकटी कौतुकानं म्हणाली. "पोरगीनं मागितली, दिली. आपण दोघींनी शिवलेली, अक्का. वळखलीस न्हवं?"

वळखली की.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. टॉकीजमध्ये एक सिनेमा बघितला आणि नटीच्या उघड्या दंडांनी माझं डोकं फिरलं. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांचं लग्नातलं इरकली लुगडं होतं. अंग काळपट हिरवं, पदर लालभडक रेशमाचा. त्या कधी ते नेसायच्या नाहीत. मी मनाशी म्हटलं, कसर लागण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगाला लागलेलं बरं. पदर कापला, लांबच्या पेठेतल्या शिंप्याकडं नेऊन पोलकं शिवून आणलं, आणि उरलेलं लुगडं माझ्या गादीखाली सारलं. पोलकं घातलं एकदाच, रंकाळ्यावर फिरायला जाताना. तेही भर उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरनं साडी गळ्यापर्यंत ओढून. फॅशन केली ती फक्त माझ्या काखांना ठाऊक.

त्याच सालच्या भादव्यात घरात नव्या नवरीचा, धाकटीचा, गौरीपुढं सूप ओवाळायचा पहिला ववसा होता. सासूबाई म्हणाल्या, "या साली गौरीला माझं लग्नातलं इरकल नेसवायचं." ट्रंक उघडली. लुगडं न्हाय. ट्रंकेची किल्ली आठ दिवस धाकटीकडं होती, कापडं उन्हाला घालायला. आणि चार दिवसांपूर्वी तिचा भाऊ येऊन गेला होता. जाताना हातात पिशवी. पिशवीत सासूबाईंनीच दिलेला गूळ. सासूबाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पिशवी जड हुती न्हवं?"

मी तिथंच उभी होते. गौरीचा मुखवटा पुसत होते. पुसतच राहिले.

त्या भावाच्या कानावर गेलं. तो भाऊबीजेला आला नाही, पुढंही कधी आमचा उंबरा चढला नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. धाकटीला धडधाकट भाऊ असून ती दरवर्षी अंगणात चंद्राला ओवाळायची, आणि वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून आडोसा धरायला मी. जिनं ते लुगडं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, तिच्या नावावर ते चोरीला गेलं.

दिवाळीनंतर वाकळ शिवायची निघाली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी जुन्या लुगड्यांचे थर अंथरले आणि त्यांच्या मधोमध ते बिनपदराचं इरकल घातलं. मग धाकटी उठून आली, समोर बसली आणि शिवायला लागली. तिचे टाके तांदळासारखे, माझे खारकेएवढे. चार दिवस ती स्वतःच्या हातानं माझं पाप पक्कं करत होती. आणि मी वर तिला म्हणत होते, "जवळ जवळ घाल गं टाका, उसवायला नको."

आता ती वाकळ उसवायला घेतली होती.

विभागाच्या मॅडम पुण्याकडच्या असाव्यात. माझ्याशी फारच हळू बोलत होत्या. "आजी, एकच कड उघडू. आत कुठली कुठली कापडं आहेत ते तुम्ही दोघी सांगा, म्हणजे त्या काळी घरात बायका काय नेसत होत्या ते कळेल."

नातीनं बारीक कात्री उचलली.

"वाकळ उसवू नये!" मी म्हटलं. आवाज जरा जास्तच वर गेला. "घराण्याला बाधतं. आमच्यात पाळतात."

नातीनं कात्री ठेवली, वही घेतली आणि लिहू लागली.

"काय लिहितीस?"

"लोकसमजूत."

"असलं काय न्हाय," धाकटी म्हणाली. "अक्का, हे कुठनं काढलंस? बाकीच्या वाकळी दर दोन सालानं उसवून धुवायचो की आपण. हीच तेवढी कायम माळ्यावर ऱ्हायली."

कात्री पुन्हा उचलली गेली. एकेक टाका टिक टिक तुटत होता. धाकटी वाकून बघत म्हणाली, "ही कड माझी. टाकं बघा कसं हायत."

वरचा थर छापील पातळाचा. "माझं हे," धाकटी म्हणाली. "लग्नाआधी म्हायेरात नेसायची." नातीनं लिहिलं. दुसरा थर धोतराचा. "मामंजींचं," मी म्हटलं. त्याच्याखाली अजून एक सुती लुगडं होतं, आणि त्याच्याखाली काय होतं ते मला एकटीला माहीत होतं.

तेवढ्यात मॅडमना काहीतरी आठवलं आणि त्या बाहुलीकडं गेल्या. मी सुटकेचा श्वास घेतला. तो आत जायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आजी, हे तुमचं पोलकं. आतली शिवण बघितली का तुम्ही? इरकलीच्या पदराचं आहे हे. इरकलीचा पदर आणि अंग वेगवेगळ्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे असतात, विणकर एकेक फास घालून जोडतो. तो जोड शिवणीत आलाय. बोटभर हिरवं अंगसुद्धा आहे." त्यांनी पोलक्याची कड उलटून दाखवली. "बाकीचं लुगडं कुठं गेलं?"

मेल्या शिंप्यानं बोटभर कापड वाचवलं होतं, मला गाडायला.

"ते... वाहून गेलं," मी म्हटलं. "रंकाळ्याच्या पुरात."

"रंकाळ्याला कधी पूर आला, आज्जी?" नात म्हणाली. "पूर पंचगंगेला येतो."

धाकटीनं वाकळीवरनं मान वर केली. तिनं पोलक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इरकल?" ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. नातीची बोटं तिसऱ्या थराच्या कडेवर होती. उचललं असतं तर वाकळीनं सांगितलं असतं. माझ्याआधी वाकळीनं सांगावं, ही शरम मला सोसणार नव्हती. माणसाला कधी कधी लाजच शहाणं करते.

"थांब," मी नातीला म्हटलं. "त्याच्याखाली माझ्या सासूबाईंचं लग्नातलं लुगडं हाय. हिरवं. त्याला पदर न्हाय. पदर त्या बाहुलीच्या अंगावर हाय. मी कापला. चोरलं कुणी न्हवतं."

नातीनं थर उचलला. काळपट हिरवा रंग पन्नास वर्षं उजेड न बघितल्यानं तसाच्या तसा होता.

धाकटीनं हात पुढं केला. मॅडमनी तिला हातमोजा देऊ केला, तिनं घेतला नाही. तिनं त्या हिरव्यावरनं बोट फिरवलं. मग कडेला तुटून पडलेले स्वतःचे टाके बघितले.

"मी शिवलं," ती म्हणाली. "तू माझ्याकडनं शिवून घेतलंस."

"व्हय."

"आणि निरांजनाला हात धरून हुबी ऱ्हायचीस."

"व्हय."

मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी त्यांची तयारी केली होती. तिनं पिशवीतनं फोन काढला आणि नातीला म्हणाली, "माझ्या भावाला लाव. हिच्या हातात दे."

भाऊ ऐंशीचा, कानानं अधू. पलीकडनं आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी... धाकटीची मोठी जाऊ."

"कोण? मोठ्यानं बोला की!"

"मोठी जाऊ! लुगडं तुम्ही न्हवतं नेलं!"

"कसलं?"

"लुगडं! मी कापलं हुतं! मी!"

"काय कापलं?"

तिसऱ्यांदा मी इतकी ओरडले, की शेजारच्या दालनात ढाल-तलवारी बघायला आलेली शाळेची अख्खी रांग दारात येऊन उभी राहिली. त्यांच्यासमोर, माझ्या बिनबाह्यांच्या फॅशनच्या शेजारी उभी राहून, मी चौथ्यांदा सांगितलं. मग तो म्हणाला, "पिशवीत गूळ हुता. तेवढाच हुता." आणि फोन ठेवला.

नातीनं हळूच विचारलं, "आज्जी, नोंदीत काय लिहू?"

"जे ऐकलंस ते," धाकटीनं सांगितलं. "आणि ती वाकळीची समजूत खोड."

रिक्षात ती टोकाला बसली. मध्ये तिनं पिशवी ठेवली होती. कळंब्याला तिच्या दारात रिक्षा थांबली. ती उतरली, पिशवी घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "रविवारी सकाळी सातला तयार ऱ्हा. माझ्या म्हायेराला जायचं. भावाच्या दारात जाऊन तोंडावर सांगायचं."

"येते की."

"आणि काय नेसायचं ते मी काढून ठीवते. तू तुझ्या मनानं कायबी घालू नको."

रविवारी मी सहालाच जाऊन तिच्या दारात उभी राहिले.