रेणुका चीटर नव्हती

"सुटली बिचारी" असं लिहायचं असेल तर या पोस्टखाली लिहू नका. डिलीट करीन.

ती बिचारी नव्हती. आणि तिला सुटायचं पण नव्हतं.
तिला खेळायचं होतं.

आज रेणुकाला जाऊन वर्ष झालं.

रेणुका माझी चुलत बहीण. वडीगोद्रीची. आम्ही दोघी एकाच वयाच्या, त्यामुळं ताईबिई काही नाही. मी तिला रेणे, ती मला मने.

तिला स्नायूंचा आजार होता. सातवीत पायऱ्या चढता येईनात, दहावीत व्हीलचेअर आली. बारावीनंतर हात पण थकायला लागले.
काका मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर. घरी काकू, रेणुका आणि एक जुना लॅपटॉप.

त्यावर ती गाव वसवायचा एक गेम खेळायची. झाडं तोडायची, दगड फोडायचे, घरं बांधायची. डोकं तुफान चालायचं तिचं. पण एक घर बांधायला शेकडो क्लिक लागायचे, आणि तिचं बोट थोड्याच वेळात गळून जायचं.

येणारेजाणारे सांगायचे, गेम सोड, भजनं ऐक.

तिनं पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला घेतली.

"क्लिक कॉम्प्युटर करील," म्हणाली. "काय करायचं ते मी सांगीन."

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेल्ते. कॉलेजात कॉम्प्युटरचं माझं पहिलंच वर्ष. ती बोलायची, मी टाइप करायची.
पहिलं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा तुकडा, सोपं होतं. स्क्रीनवर झाड कुठं आहे ते शोधायचं.

मी लिहिलं, चालवलं. खाली झाडाच्या जागेचे आकडे छापून आले. एकदम बराबर.
पण क्लिक काही होईना.

"अगं, सापडलं की झाड!" मी म्हटलं.

"तुला सापडलं. क्लिक करणाऱ्या ओळीला काय मिळालं?"

मी कोड परत वरपासून वाचला.

"तू प्रिंट लिहिलंस. म्हणजे फंक्शन तुझ्याकडं बघून सांगून राह्यलं. ज्या ओळीनं त्याला कामाला लावलं, ती रिकाम्या हातानं उभी हाय. तिच्या हातात दे ना उत्तर. रिटर्न लिही."

मी प्रिंट खोडलं, रिटर्न लिहिलं. आलेलं उत्तर 'जागा' या नावात ठेवलं आणि क्लिकला तीच 'जागा' दिली.

माउसला कुणाचा हात नव्हता.
बाण आपोआप सरकला. झाड पडलं.

रेणुका अशी ओरडली की काकू स्वयंपाकघरातनं पळत आल्या. "काय झालं गं माय?"

"आई, झाड तोडलं मी!"

काकूंनी आधी दारातल्या लिंबाकडं पाह्यलं.

इतकं हसलो आम्ही. आणि हसता हसता हिचा पुढचा प्रश्न तयार. "आन् झाड दिसलंच न्हाई तर काय परत येईल? ते तपासल्याबगर क्लिक नको मारू."

पुढं ती ऑनलाइन एका ग्रुपमध्ये खेळायला लागली. नावाला मी पण त्यात होते. सगळ्यांनी मिळून एकाच नकाशावर गाव वसवायचं. स्क्रिप्ट, म्हणजे असा आपोआप क्लिक करणारा कोड, चालत नाही असं तिथं कुठंही लिहिलेलं नव्हतं.
एकाच्या लक्षात आलं, इतके एकसारखे क्लिक माणसाचे नसतात. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं: बॉट. चीटर.

रेणुकानं लपवलं नाही. "हो, स्क्रिप्ट आहे. क्लिक ती करते. गाव कुठं, रस्ता कुठं, विहीर कुठं, ते मी ठरवते."

तिला काढून टाकलं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "थांब, तुझा फोटो टाकते तिथं. व्हीलचेअर बघून गप बसतील."

तिचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. तरी असा आला की फोटोसाठी उचललेला फोन मी खाली ठेवला.

"बिलकुल न्हाई. आजार दाखवून खेळायची परवानगी मी मागणार न्हाई. कोड टाक. पूर्ण टाक. वाचू दे त्यांना."

टाकला. कुणी वाचला का, माहीत नाही. तिला परत घेतलं नाही, एवढं खरं.

मंग हिनं स्वतःचाच ग्रुप काढला. नियम एकच:
"इथं स्क्रिप्ट चालते. पण तुमचं फंक्शन काय परत देतं, ते विचारल्यावर सांगता आलं पाहिजे."

आधी आम्ही दोघीच होतो. हळूहळू लोक जमले. एक दिवस तो चीटर म्हणणारा पण आला, कुणाची तरी स्क्रिप्ट उचलून.
रेणुकानं विचारलं, "तुमचं फंक्शन काय परत देतं?"
त्याला सांगता येईना.
मला वाटलं, आता हाकलती. हिनं त्याला पहिल्यापासून शिकवलं. मी चिडले तर म्हणाली, "त्यानं मला काढलं म्हणून मी बी काढू का?"

गेल्या वर्षी तिच्या छातीत कफ साठला. जालन्याला ॲडमिट केलं. डॉक्टरांनी खूप केलं.
तिनं मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलं. मी हात धरला. वाटलं, काहीतरी शेवटचं सांगेल.

"दगड फोडायचं फंक्शन अर्धवट राह्यलंय. गेममधली दगडांची थैली भरलेली असली तर ते काहीच परत देत न्हाई. बघ जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ते फंक्शन मी पूर्ण केलं. रडत केलं, पण केलं.

आता मी अंबडला एका क्लासमध्ये शिकवते. तिथले सर म्हणाले, "मॅडम, गेमचं उदाहरण नको, पालक बोंब मारतील."
मारू द्या. फंक्शन मी गेमवरच शिकवते, आणि शिकवत राहणार.

कुणी विचारलं, तुम्ही हे कुठं शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगत नाही.

"वडीगोद्रीला. रेणुकाकडं."

रेणे, डोळे भरून आणि मान ताठ ठेवून तुला नमस्कार.

तुझी मनी