दीपगृहाला तेल

जामखेडहून कोकणात निघताना आईनं पिशवीत करडईच्या तेलाची बाटली घातली. का, तर आम्ही बेटावरचं जुनं दीपगृह बघणार होतो आणि दिव्याकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं. मी चिडलो. होडी हलली, झाकण सैल होऊन माझा सदरा तेलकट झाला, तेव्हा तर जास्तच चिडलो.

बेटावर नावाड्यानं सांगितलं, दीपगृह केव्हाच बंद झालंय. जहाजं आता यंत्रावर वाट काढतात. पूर्वी दिवा सांभाळणाऱ्यांची बायकापोरं इथंच राहायची. चारी बाजूंनी समुद्र, पण प्यायचं पाणी होडीनं यायचं.

"म्हंजी आपल्यावानीच टँकर," आई म्हणाली. तिनं चपला काढल्या, कुलूपबंद दाराच्या उंबऱ्यावर तेल ओतलं आणि हात जोडले.

"आई, आता ह्याचा कुणाला उपयोग न्हाई."

"लई लोकं घरला पोचवली आसतील ह्यानं. घरला पोचलेलं मानूस परत सांगाया येतंय व्हय?"

ऊसतोड संपवून बैलगाडीनं परतताना ती मला पदरात गुंडाळून बसायची. गावच्या देवळाची दीपमाळ दिसली की असेच हात जोडायची. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला दीपमाळेनंच घरी आणलं.

बाटलीच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. ते मी उंबऱ्यावर ओतलं आणि वळून आईच्या पाया पडलो.

"आरं," ती म्हणाली, "दिवा तिकडं हाय."