दहा अर्ज आणि एक मिरची कांडप

आमच्या घराण्यात पहिला सांगितलेला भाव आजवर कोणी मान्य केलेला नाही. वडील दिग्रसच्या बाजारात कापसाचे दलाल. माझ्या लग्नात त्यांनी भटजींच्या दक्षिणेतही घासाघीस केली (भटजींनी एक मंगलाष्टक गाळलं!).

बायकोला, म्हणजे सुनंदाला, पडवीत मिरची कांडप मशीन टाकायचं होतं. दोन वर्षं तिला दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी मी कर्जासाठी बँकेत गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा क्रेडिट स्कोअर सातशे साठ. छान आहे. करा सही."

इतक्या झटकन हो म्हणतात म्हणजे व्याजात नक्कीच काहीतरी गोम असणार! मी उठलो. दिग्रसच्या आणखी दोन बँका पालथ्या घातल्या, मग एसटीने पुसद, मग यवतमाळ. नुसतं विचारलं तर कोणी नीट दर सांगेना, म्हणून सगळीकडे रीतसर अर्ज भरले. परतताना एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर तीन भरले, ते वेगळेच. एकूण दहा! मग पाव टक्का तोडायला मोठ्या रुबाबात पहिल्या बँकेत शिरलो.

मॅडमनी स्क्रीन पाहिली. "काका, स्कोअर सहाशे ऐंशीवर आला. एवढे अर्ज कायले केले? प्रत्येकाची नोंद होते. पैशावाचून अडलेला माणूस वाटून राह्यले तुम्ही."

"मी तर फक्त भाव करून राह्यलो होतो!"

आता कर्ज नाही, सहा महिने कुठे अर्जही करू नका, असं त्यांनी बजावलं. घरी सुनंदाने पडवी सारवून ठेवली होती, गल्लीभर सांगूनही झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती एवढंच म्हणाली, "तुमी बसा घरी. मी पाहतो."

फ्रिजचे आणि शिलाई मशीनचे हप्ते तिने आपल्या नावावर घेऊन एकही न चुकवता फेडले होते. तिचा स्कोअर निघाला सातशे ऐंशी! जामीनदार म्हणून मी छाती काढून पुढे झालो, तर मॅडमनी दुसरं कोणी नाही का, असं विचारलं. अखेर मारेगावहून माझा साळा आला. त्याला मी वीस वर्षं बिनकामाचा म्हणत आलो होतो. त्याने चहासुद्धा न घेता सही केली.

कांडप आता जोरात चालतं. तोंडाला रुमाल बांधून, शिंका देत, मशीनवर मीच असतो. पहिल्या दिवशी सुनंदाने माझी रोजी सांगितली. घराण्याचं नाव बुडालं तरी चालेल, पण त्या आकड्याला मी लगेच हो म्हणालो.