जांभळ्या सावल्या
१९८३च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होतो. केवळ ऊब मिळावी म्हणून तिथल्या संग्रहालयात शिरलो आणि एका चित्रापुढे थबकलोच! भूमध्य समुद्राचा किनारा, लख्ख ऊन आणि खडकांच्या चक्क जांभळ्या सावल्या.

म्हातारा पहारेकरी लगबगीनं जवळ आला. मी समुद्राकाठचा आहे हे कळताच म्हणाला, "सावल्या खरंच अशा असतात?"

"आमच्या वेंगुर्ल्याला अश्शाच!" मी ठोकून दिलं. त्या नीट पाहिल्या होत्या कुणी!

त्यानं टोपी काढून माझा हात गदागदा हलवला. "मी समुद्र पाहिलेला नाही. पण रोज लोकांना सांगतो, चित्रकार खोटं बोलत नाही!"

तीन वर्षांनी घरी गेलो, तेव्हा बॅग टाकून भर दुपारी थेट किनारा गाठला. खडकांपाशी पोचलो आणि एकटाच ओरडलो, "आहेत हो, जांभळ्याच आहेत!"