निळ्या कोटावरचं काळं रफू

आमची आत्या रफू करते. कापड ठिणगीनं जळलेलं असो की उंदरानं कुरतडलेलं, ती भोक असं भरते की मालकानंच शोधत बसावं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक खिडकी आणि धाग्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे. डबे काकांच्या ताब्यात. सुईशी त्यांचं वाकडं, पण आत्यानं "अहो, राखाडी!" म्हणायचा अवकाश, डबा हजर.

तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. गेल्या वर्षी उजव्याचा आतला पडदा जागचा सुटला. ऑपरेशनमध्ये डोळ्यातली जेली काढली, आत वायूचा बुडबुडा सोडला. त्यानं पडदा दाबून धरावा म्हणून आत्याला कित्येक दिवस पालथं झोपावं लागलं. ती पलंगाच्या कडेवरून तोंड खाली करून, काका खाली फरशीवर उताणे. गप्पा सुरू.

पडदा बसला, पण त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढला. निळं न् काळं तिला एकच दिसायला लागलं.

"रंगच कळला नाही तर मी काय नुसती भोकं बुजवू? त्यापेक्षा कुलूप लावते," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जेली काढलेल्या डोळ्यात असा मोतीबिंदू होतोच. पण आता भिंगाला मागून आधार नाही, काम करताना ते खोल जातं. मी जपून करीन. तुम्ही फक्त हलू नका आणि बोलू नका."

"बोलू नका?" आत्या हादरली.

काका पुढं सरकले. "डॉक्टर, हे ऑपरेशन रोज करता येईल का?"

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी उद्यापासून घालायचे थेंब घेऊन त्यांच्या घरी गेले, तर आत्या पलंगावर पालथी आणि काका फरशीवर उशी घेऊन उताणे.

"अगं आत्या! हे काय?"

"श्श! पडदा बसतोय."

"पडदा कधीच बसला! हा मोतीबिंदू होता! उताणं झोपायला सांगितलंय ना? डोळ्यावर दाब येईल!"

आत्या कशीबशी उलटली. "अहो, तुम्ही तरी ऐकायचं होतं!"

"मी ऐकलं. पण तू पालथी झालीस, म्हटलं तुला जास्त कळतं."

"एरवी कधी म्हणता का असं?"

रात्रभर मलाच धाकधूक. सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, "छान आहे" म्हणाल्या. आत्या मात्र दारातल्या काकांकडे टक लावून बघत होती.

"अहो, तुमचा कोट निळा आहे."

"पहिल्यापासून."

"आणि कोपरावर हे काळं काय?"

काकांनी हात मागं घेतला. "तूच केलंयस. थंडीच्या सुरुवातीला. काळा मागितलास, मी दिला."

"आणि तुम्ही हे घालून गावभर हिंडलात? बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू तेव्हाच कुलूप लावलं असतंस."

आत्यानं त्यांची बाही पुढं ओढून कोपर निरखलं.

घरी येताच तिनं स्वतः डबा उघडला. सुईला अजून परवानगी नव्हती. निळ्यांतून एक निळा उपसला, ओढून काकांच्या बाहीवर आडवा ठेवला. मी वाकून पाहिलं, धागा दिसेचना.

"हा," आत्या म्हणाली. "सुई धरू देतील त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. काढा कोट."

"राहू दे की गं काळं."

"अहो, माझी अब्रू आहे ती कोपरावर!"