उभ्या गाडीतला गारवा

"पोरगी बोलत नाही आणि गाडी गार होत नाही. दोन्ही माझ्या भावाचीच देणगी!"

काका ओट्यावरून बोलत होते. मी गाडीच्या पलीकडे उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं. उस्मानचाचा बॉनेटखाली वाकूनच हसले. मी वहीत आकडा लिहिला – गाडी उभी, इंजिन चालू, दहा मिनिटं, एसीची हवा ३० अंश – आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं.

मी बी.एस्सी.ला आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही बोर्डिंगची. भुतंखेतं, देवचार वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. या सदरातले काही अनुभव वाचून मी हसलेही आहे. तरी लिहिते आहे, कारण हे सांगावं असं माझ्याजवळ कोणी नाही.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला, जेटीपासून पाच मिनिटांवर. गोष्ट गेल्या मे महिन्यातली. आईच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि तीन दिवसांनी निघायचं होतं. इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "उकाड्यात नेऊ नका. घाम फुटून बीपी पडलं, तर वाटेत कोणी काही करू शकणार नाही." रात्री निघावं, तर अडीअडचणीला दवाखाना उघडा मिळणार नाही. म्हणून दिवसाच जायचं, एसी लावून.

एसीची गाडी घरात होती हे नशीब. बाबांची जुनी अँबॅसिडर. बाबा जहाजावर इंजिनिअर. एसीचं जुनं सामान मुंबईहून आणून त्यांनी ते स्वतः बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते परदेशातल्या एका बंदरात हार्ट अटॅकने गेले. सगळं तिकडेच झालं. घरी ट्रंक आली.

गाडी पळत असली की उत्तम गार हवा यायची. उभी राहिली की दहा मिनिटांत कोमट. आणि मुंबईच्या वाटेवर घाटात ट्रक अडकला, तर तासन् तास उभं राहावं लागतं...

उस्मानचाचा बाबांचे मित्र. मिरकरवाड्यात मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करतात, आमची गाडीही तेच बघतात. त्यांनी पट्टा ताणला, रेडिएटरपुढची एसीची जाळी पाण्याने धुतली, इंजिनचा वेग थोडा वाढवला. फरक नाही.

"गॅस कमी असंल, बाय," ते म्हणाले. "तो कोल्हापुराशिवाय भरून मिळायचा नाय."

मग पळताना इतकी गार कशी होते, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले, काका आत जेवायला. आई झोपली होती. इंजिन मी चालूच ठेवलं होतं, अजून एकदा आकडे घ्यायला. दुपारचा एक वाजला असेल. लख्ख ऊन, अंगणात माझ्याशिवाय कोणी नाही. मी गाडीसमोर आले आणि माझं डावं मनगट कोणीतरी धरलं.

ओढलं नाही. धरलं, आणि पुढे नेलं. माझा तळवा गाडीच्या तोंडावरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये आवाजामुळे बोललेलं ऐकू येत नाही. तिथे दुसऱ्याचा हात धरून तो यंत्रापाशी नेतात – बघ, इथे गरम आहे, इथे थरथरतंय. बाबा घरीही तसंच करायचे. मिक्सर असो नाहीतर पाण्याचा पंप. बोलायचे नाहीत. आधी माझ्या घड्याळाची काच मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवायचे, कुठे आपटू नये म्हणून, आणि मग हात न्यायचे.

तळव्यावर गरम हवा येत होती. बाहेर येत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मनगटावरची पकड सैल झाली, तेव्हा मी खाली बघितलं. घड्याळाची काच आतल्या बाजूला होती. पट्टा घट्ट होता. मी तो फिरवला नव्हता.

चाचा परत आले तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "चाचा... हवा बाहेर येते आहे."

त्यांनी खिशातून विडीच्या पुड्याचा कागद काढून जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला आणि तुळशीपाशी जाऊन पडला.

"या अल्ला! पंखा उलटा फुंकतोय!" त्यांनी कपाळावर हात मारला. एसीसाठी पुढे बसवलेला विजेचा पंखा जळाला होता, म्हणून महिन्यापूर्वी नवा लावला होता, त्यांनीच. "लाँचवर पंखा गरम हवा बाहेर फेकाया लावतात गो. सवयीनं वायरी तशाच जोडल्या मी!"

गाडी पळताना समोरचं वारं त्या पंख्याला पुरून उरत होतं. उभी राहिली की आत हवाच जात नव्हती. चाचांनी दोन वायरींची अदलाबदल केली. दहा मिनिटांनी आकडा आला १३.

"कॉन्व्हेंटची फी एकदाची वसूल झाली म्हणायची!" काका म्हणाले.

चाचांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"हात समोर धरून बघितला," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

मी खूप विचार केला आहे. मनाने आधीच ओळखलं असेल आणि हात आपसूक पुढे गेला असेल... शक्य आहे. पण घड्याळाचं काय?

आईचं ऑपरेशन झालं, ती बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण जाताना कशेडी घाटात ट्रक उलटला होता. आम्ही जवळजवळ दोन तास उभे होतो, भर दुपारी. बाहेर लोक झाडाखाली पदराने, टोपीने वारा घेत होते. आई मागच्या सीटवर शाल घेऊन शांत झोपली होती. मी तिची नाडी मोजत होते. ठीक होती.

काका रस्ता कधी मोकळा होतो ते बघायला उतरून गेले. ड्रायव्हरची सीट रिकामी झाली. तिथे मला काही दिसलं नाही, काही जाणवलंही नाही. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते.

जहाजावरच्या माणसांची मुलं, बाप घरी आला की पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतात. मी तो कधीच विचारला नाही. उत्तर ऐकायचं नसायचं. त्या दिवशी मी रिकाम्या सीटकडे वळले आणि नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"बाबा, या वेळी किती दिवस आहात?"